एरंडेलाची विहीर

शहादा तालुक्यातून परत आल्यावर शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी एक प्रवासवर्णन लिहून दिलं होतं. त्यात फुललेले पळस होते, केळीच्या बागा होत्या, दादर ज्वारीची भाकरी होती आणि सातपुड्याची निळी रांग होती. सगळ्यांना आवडलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण ते प्रवासवर्णन खोटं होतं. मुळात मी कमी बोलणारी बाई. स्टाफरूममध्ये याला माझा सोज्वळपणा समजतात. तो सोज्वळपणा नाही, भित्रेपणा आहे. त्या चार दिवसांत काय झालं ते आता सरळ लिहिते. मला अजून संताप येतो, आणि तो नेमका कोणाचा येतो हेही लिहिता लिहिताच कळेल.

शहादा

साठ सालानंतरची गोष्ट. नाशिकला मुलींच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवते. शहाद्यापासून बैलगाडीच्या अंतरावर असलेल्या एका गावातल्या हायस्कुलाला नवा सूक्ष्मदर्शक मिळाला होता, पण तो वापरायचा कसा हे कोणाला येत नव्हतं. चार दिवसांचं शिबिर घ्यायला मला बोलावलं. एस.टी.च्या हादऱ्यांनी माझ्या पिशवीतल्या काचपट्ट्यांचा चुरा झाला. स्टँडवर घ्यायला आलेले शाळेचे विज्ञानशिक्षक देवरे सर जराही डगमगले नाहीत. समोरच्या तसबिरी मढवणाऱ्याकडून त्यांनी काच कापून घेतली, कडा विटेवर घासल्या आणि म्हणाले, "बाई, यातून देव दिसतो, तर जंतू का दिसणार नाही?" माणूस मला आवडला. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्यावर फार चिडणार आहे.

फाल्गुन होता. कापूस वेचून झालेला, जिनिंग गिरणीच्या बाहेर रस्त्यावर पांढरा धुरळा. होळीच्या बाजाराला डोंगरातले पावरा लोक उतरले होते. बायकांच्या अंगावर चांदी, पुरुषांच्या गळ्यात ढोल. आमच्याकडे होळी एका संध्याकाळी पेटते आणि विझते. इथे ती आठवडाभर आधीपासून ढोलांत वाजत असते.

नानांचं घर

उतरायची सोय शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष नाना यांच्या घरी होती. गुजर घराणं. घरात आपसात गुजरी, गावाशी आणि पाहुण्यांसमोर अहिराणी, आणि माझ्याशी नानांची शाळेतली, इस्त्री केल्यासारखी मराठी. गेल्या गेल्या तांब्याभर पाणी आलं. मग कढी-खिचडी, वांग्याचं भरीत, ज्वारीच्या पापडासारखी भाजलेली बिबडी, आणि सगळ्यावर तूप. नानांच्या पत्नी जिजी समोर बसून वाढत होत्या. "खा बाई, नाशिकमा तूप मोजीसन देतस म्हने." मी हसले. खरंच तसं होतं. आता पाणी सून भरते, आपण दोन वर्षांत विहीर पाहिलेली नाही, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं.

पाणी मात्र दारातून परकी शेजारीण आणून देत होती. घरात सून असताना हे कसं, म्हणून मी मागे पाहिलं. मागच्या पडवीत एक मुलगी पाय लांब करून शेंगा फोडत बसली होती. घोट्याच्या वर चिंधी, चिंधीत काडी, काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा. पण तो दोरा नव्हता. नारू होता. रोज थोडा थोडा गुंडाळायचा, तुटू द्यायचा नाही, तुटला तर पाय सुजतो, पिकतो. हे मी फळ्यावर काढून शिकवत आले होते. जिवंत माणसाच्या पायात आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

ती कमल. म्हसावदकडची. मागच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न होऊन इथे आली होती.

"तिला पाण्याला हात लावू देत नाही," नाना म्हणाले. "खोटं बोलली."

"काय खोटं?"

जिजींनी उत्तर दिलं. "तेल नही लाये. आनि म्हनस, लायं. तेल लायं ऱ्हातं तर किडा कसा घुसता?"

पडवीतून आवाज आला, "मी रोज लायं, जिजी. देवनी आन."

"बस वं तू!"

नानांनी मला शांतपणे सांगितलं की होळीआधी तिला माहेरी पोचवायचं ठरलंय. मी ज्या दिवशी परत जाणार त्याच दिवशी, त्याच गाडीत. तुमची सोबत होईल. परत कधी आणायचं? "पाय बरा झाल्यावर पाहू. आणायचं का, तेही पाहू." जिजी भाकरी थापत थापत म्हणाल्या की अंबालालला पोरी सांगून येणारी घरं अजून आहेत. अंबालाल म्हणजे त्यांचा मुलगा, कमलचा नवरा. तो माझ्या शेजारीच जेवत होता. त्याने आणखी कढी मागितली.

विहीर

हे तेलाचं प्रकरण काय, ते दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. गावाबाहेर पायऱ्यांची विहीर. वरच्या पायरीवर एरंडेलाचं मोठं गाडगं. तेल नानांच्या घरून येई, आणि ते त्याचा अभिमान बाळगून होते. प्रत्येक बाई घागर खाली ठेवी, दोन बोटं तेलात बुडवी, गुडघ्यापर्यंत पाय चोळी, मग उतरून पाण्यात उभी राही आणि घागर भरी. शाळेच्या भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: नारूचा किडा पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो. विहिरीत उतरण्यापूर्वी पायांना तेल लावा.

मी देवरे सरांकडे वळले. "हे कुणी लिहिलं?"

"मीच," ते खुशीत म्हणाले. "मार्गदर्शिकेतलं वाक्य आहे. तीन वर्षं मेहनत घेतली बाई, तेव्हा गाव ऐकायला लागलं."

पूर्ण चूक! किडा पायातून बाहेर येतो म्हणून तो पायातूनच आत गेला असला पाहिजे, हा अडाणी तर्क कुणीतरी छापला, कुणीतरी पाठ करून घेतला, आणि आता अख्खं गाव पायांना तेल चोळून तेच पाणी न गाळता पितं! वर्गात सांगते तसं साध्या शब्दांत सांगते. नारू झालेली बाई पाण्यात उभी राहते. पायाच्या फोडातली मादी गार पाण्यात हजारो अळ्या सोडते. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, बारीक ठिपक्याएवढा प्राणी असतो, तो त्या अळ्या खातो. आपण पाण्याबरोबर तो प्राणी गिळतो. पोटात तो मरतो, अळ्या सुटतात, शरीरात वाढतात आणि साधारण वर्षाने मादी पायाशी येते. दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं की साखळी तुटली. तेलाचा काडीचा उपयोग नाही.

उपयोग नाही इतकंच असतं तरी मी गिळलं असतं. पण इथे तेलाने नारूला गुन्ह्याचा पुरावा करून टाकलं होतं. नारू निघाला म्हणजे बाईने तेल चुकवलं, म्हणजे बाई खोटारडी. मग नारू झालेली बाई काय करील? लपवील. लुगड्याखाली पट्टी बांधील, वर तेल चोळील आणि चारचौघींसारखी त्याच पाण्यात उतरील. मी विहिरीवर बायकांना विचारलं, गावात आणखी कुणाला आहे का? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "नही वं माय, आमना गावमा नही." आणि त्यांतल्या दोघी लंगडत वर चढल्या.

पंगत

त्याच दुपारी जेवताना जिजींनी पुन्हा तो विषय काढला. मी कधी नव्हे ते तोंड उघडलं. रागाने उघडलं, म्हणून वाईट उघडलं. सगळं सांगितलं. पायातून नाही, पाण्यातून. आणि आज गेलेला किडा आज निघत नाही, एक वर्ष लागतं. तेव्हा या पोरीने तेल लावलं की नाही, याचा संबंधच नाही.

पडवीतली कमल उठून, काडी सांभाळत, दारापर्यंत आली होती. "म्हंजे मी खोटी नही?"

"नाहीस," मी म्हटलं. तिचा चेहरा असा काही उजळला की मला स्वतःचा अभिमान वाटला. तो किती टिकला असेल? जिजींनी पळी खाली ठेवली आणि बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली.

"वैशाखमा ऊनी. आते फागून. वरीस भरनं का? नही भरनं." त्या नानांकडे वळल्या. "मंग किडा आठला नही. मायेरथीन लयनी. पोटमा किडा लीसन पोर दिधी आम्हले!"

मी घाईने म्हणाले, "एक वर्ष म्हणजे अगदी एक वर्ष नाही, दहा महिन्यांनीही..."

"आते वरीसना दहा महिना करी टाकात का, बाई?" जिजी म्हणाल्या. अंबालाल हसला.

मी जे म्हणत होते ते खरं होतं. कधी दहा महिने लागतात, कधी चौदा. पण वर्गात 'एक वर्ष' म्हणायची सवय, परीक्षेत तेवढंच लागतं. त्या एका ढोबळ शब्दाने मी कमलला खोटारडेपणातून सोडवलं आणि त्याहून वाईट गुन्ह्यात अडकवलं. आता ती किडकी होती आणि तिच्या माहेरच्यांनी फसवलं होतं. कमल परत पडवीत गेली.

शाळा

तिसऱ्या दिवशी मी नानांच्या घरच्या माठातलं पाणी बाटलीत भरून शाळेत नेलं. आधी कांद्याचा पापुद्रा दाखवला. विटांच्या भिंतीसारख्या पेशी पाहून मुलं ओरडली. मग बेडकाच्या पायाच्या पडद्यात वाहणारं रक्त दाखवलं. मग माठातल्या पाण्याचा थेंब. तसबिरीच्या काचेवर तो पेरूच्या बीसारखा प्राणी आला, एक लाल डोळा, शेपटीला अंड्यांच्या दोन पिशव्या, झटके देत पळणारा.

"एकच डोया!" एक मुलगी किंचाळली. "आमना कोतवालना भाऊ शे हाऊ!"

गावचा कोतवाल एका डोळ्याने आंधळा होता. सगळे हसले. मग ती मुलगी हसायची थांबली. "बाई, हे पाणी कुठलं?"

"गावच्या विहिरीचं."

त्या दिवशी शाळेच्या माठाकडे कुणी गेलं नाही. देवरे सरांनी पुन्हा पुन्हा डोळा लावून पाहिलं. "छापलेलं होतं हो, बाई," एवढंच म्हणाले. संध्याकाळी त्यांनी बादली आणि कुंचा घेऊन भिंतीवरचं वाक्य स्वतः पुसलं आणि तिथे पाणी दुहेरी फडक्यातून गाळा असं लिहिलं. मी त्यांच्यावर ओरडायचं ठरवून गेले होते. ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, तेवढी वाफ पुढे भलत्याच माणसांवर निघाली नसती.

नानांनाही बोलावलं. ते टोपी काढून वाकले, बराच वेळ पाहत राहिले. मग सरळ उभे राहून म्हणाले, "आज किडा आहे. कबूल. गाळून पिऊ. पण मागच्या वैशाखात आमच्या विहिरीत होता, हे या नळीतून दिसतं का?"

दिसत नव्हतं. हा माणूस मूर्ख नव्हता, याचाच मला जास्त राग आला. त्याचं डोकं व्यवस्थित चालत होतं, फक्त एका बाजूलाच चालत होतं. मला हवा होता असा एक माणूस, जो वर्षभर गावाबाहेर गेला नाही, विहिरीत उतरला नाही, आणि तरी ज्याला नारू झाला. तसा एक जरी सापडला असता तर तेलही खोटं ठरलं असतं आणि कमलचं माहेरही दोषातून सुटलं असतं.

त्या रात्री मी माझं पाणी पदर दुहेरी करून गाळून प्यायले. जिजींनी पाहिलं. "आमना पानीले गाळस!" त्या नानांना म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेताने.

चूल

निघायच्या दिवशी सकाळी तोंड धुवायला ऊन पाणी मागायला मी स्वयंपाकघरात गेले. जिजी चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत वर. पोटरीवरची पट्टी सोडलेली. हातात काडी. त्या जिभेचं टोक दातांत धरून, श्वास रोखून, काडी हळूच फिरवत होत्या.

माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान वळवली.

दोन वर्षं जिजी विहिरीवर गेल्या नव्हत्या, आधी शेजारीण आणि मग सून पाणी भरी. हे त्यांनीच पहिल्या दिवशी मला कौतुकाने सांगितलं होतं, मन्ही आते घागरसंगे सोडचिठ्ठी व्हयनी म्हणून. आणि गाव तर त्यांनी कित्येक वर्षांत सोडलं नव्हतं. मला हवा होता तो माणूस माझ्यापुढे बसला होता. पुढच्या ओट्यावर नाना गाडी जुंपवत होते. दहा पावलं चालायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं.

जिजींनी लुगडं खाली सोडलं. उठल्या, माझं ताट घेतलं, भाकरी वाढली आणि तिच्यावर तूप ओतलं. नेहमीसारखं पळीने नाही, भांडं वाकडं करून. तूप ताटभर पसरलं.

मी बसले आणि जेवले.

तेव्हा मनात काय आलं तेही सांगते, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. परक्या घरची पाहुणी मी, म्हाताऱ्या बाईला तिच्या नवऱ्यापुढे लुगडं वर करायला कसं लावू? आणि परवाच एकदा तोंडघशी पडले होते, आज पुन्हा कोण मानणार? आणि गाडी चुकेल. ही तीन कारणं. तिन्ही मी भाकरीबरोबर चघळली आणि तिन्ही मला पटली.

परत

गाडीत गाडीवान पुढे, मागे आम्ही दोघी. अंबालाल वेशीपर्यंत आला, बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि वळला. कमलने पाय माझ्या पिशवीवर ठेवला होता, धक्का बसू नये म्हणून. दोन्ही बाजूंना पळस पेटलेले. माझ्या अंकातल्या लेखात याच रस्त्यावर एक सुंदर परिच्छेद आहे. त्यात कमल नाही.

शहाद्याच्या स्टँडवर उसाचा रस घेतला. म्हसावदच्या गाडीला अवकाश होता. कमल बाकावर बसून शांतपणे म्हणाली, "जिजीना पाय देखा ना तुम्ही, बाई?"

"तुला माहीत होतं?"

"मीच तर पट्टी बांधू रोज. आज मी निघनू म्हनीसन तिनी तिनीच बांधी."

"अगं, मग बोलली का नाहीस? सगळं त्याच्यावर अवलंबून होतं! एक शब्द बोलली असतीस तर..."

"मंग तिले कोठे धाडतीन?" कमल म्हणाली. "तिना भाऊ मरी गयात. मायेर नही तिले. मन्हं तरी शे."

तिने रसाचा शेवटचा घोट घेतला, पेला खाली ठेवला.

"पन तुम्ही काबर नही बोल्यात?"

त्यात टोमणा नव्हता. वर्गात मागच्या बाकावरची मुलगी न कळलेलं विचारते, तसं तिने विचारलं. तिला वाटत होतं की माझ्यापाशीही तिच्यासारखंच काहीतरी चांगलं कारण असेल.

मी उभी राहिले. म्हटलं, "चल. आत्ताच्या आत्ता परत जाऊ. मी नानांना सांगते."

ती हसली. "आते? परवा वरीसना दहा महिना कऱ्यात, आज जिजीना पाय काढशात. कोन मानी, बाई? आनि जिजी दाखाडी का?"

कंडक्टरने म्हसावद, म्हसावद म्हणून ओरडायला सुरुवात केली. माणसं दारात कोंबली गेली. मी कंडक्टरवर ओरडले, पुढच्या माणसाला ढकललं, एका पागोटेवाल्याला त्याचा दंड धरून जागेवरून उठवलं. मला इतका मोठा आवाज आहे हे त्या चार दिवसांत मलाच कळलं नव्हतं. लोक बाजूला झाले. पाय बाकावर लांब करता येईल अशी जागा कमलला मिळाली. एवढंच मी तिच्यासाठी केलं, आणि तेही अनोळखी लोकांवर ओरडून, ज्यांच्या घरचं तूप मी खाल्लं नव्हतं.

ती पुन्हा नांदायला गेली का, मला माहीत नाही. देवरे सरांना विचारता आलं असतं. मी विचारलेलं नाही.

गाडी सुटली. मी खिडकीखालून चालत राहिले, ती मान वर करून पाहील म्हणून. तिने पाहिलं नाही. धक्क्याने नारूची काडी सुटली होती, आणि कमल ती दोन बोटांत धरून, पुन्हा हळूहळू गुंडाळत होती.